उघाडी

खाडीच्या बांधाला भोक पाणी पाडत नाही.
कुर्ली पाडते. तिला फक्त घर हवं असतं.
पाणी नंतर येतं, वाट विचारत विचारत,
आणि उधाणाच्या रात्री खांड जाते.
मग तीन वर्षं शेतात मीठ.

बाबा बांधावर राखणीला होते.
हातात बत्ती, पायात काही नाही.
अंगठ्याने माती चाचपत जायचे,
भुसभुशीत लागली की तिथेच बसायचे:
चिखलाचा गोळा, मूठभर पेंढा, वर टाच.
"लाटेकडे कोण पण बघतं," म्हणायचे,
"तू बारक्या भोकाकडे बघ."

मी बघितलं नाही.
बँकेला, मेलला, वीजबिलाला,
आणि जिथे मी माशांची नावं लिहून ठेवते त्या खात्याला,
(तांबोशी, शेंगटी, काळुंदर, आणि जी आता गावत नाहीत ती)
सगळ्याला एकच किल्ली:
आमच्या होडीचं नाव, आणि ती विकली ते साल.
होडीचं नाव तर होडीवरच लिहिलेलं होतं,
हातहातभर अक्षरांत, निळ्या रंगाने.

आधी येत होता नुसता कचरा.
अभिनंदन. कर्ज मंजूर. शेवटची संधी.
जाळ्यातून थर्माकोल झटकावा तसा झटकत होते.
एक दिवस त्यात कुर्ली होती:
"तुमचं खातं आज बंद होत आहे, इथे दाबा."
दाबलं.
पूर्णगडच्या एसटीची वाट बघताना,
एका हातात कोळंबीची गळकी पिशवी.

संध्याकाळी मी माझ्याच दारात उभी
आणि दार विचारतं, कोण तू?
नाव सांगितलं. चुकीचं, म्हणालं.
परत सांगितलं. आणखी दोनदाच, म्हणालं.
आत माझा फोटो लावून कुणीतरी बसलेलं,
त्याने दोनशे अकरा जणांना लिहिलं,
"माझ्या आईची प्रकृती अत्यंत चिंताजनक आहे.
कृपया पाच हजार रुपये पाठवावेत."

पहिला फोन रत्नाचा.
"शेवंते, तू कधीपासून कृपया म्हणायला लागलीस गो?"
आणि मी आईला जन्मात आई म्हटलं नाही.
आये म्हणायचे.
आयेला जाऊन सहा वर्षं झाली.
वाडीतल्या एकानेही दमडी दिली नाही,
आणि मला त्याचा अभिमान वाटला.

मग कुवेतहून इस्माईलचाचा सोलकर.
बाबांच्या जोडीने याच बांधावर ज्यांची जवानी गेली.
"पोचले का पैसे?"
चाचा, आयेला तुम्हीच खांदा दिलात ना?
"हो."
मग?
बराच वेळ नुसती तिकडची हवा ऐकू आली.
"वाटलं, अडचण दुसरीच असेल,
तुला सांगवत नसेल."

भाच्याने, विराजने, सगळ्या किल्ल्या बदलल्या.
आता दोन दारं.
एक मला पाठ, एक दर खेपेला नवं,
सहा आकडे, अर्ध्या मिनिटात शिळे.
आमच्या घरात रेंज नाही,
आकडे उतरतात ते बांधावरच.
म्हणून रोज तिन्हीसांजेला मी बांधावर, चपला हातात.

तिथे उघाडी आहे. जुनी, सागाची झडप.
ओहोटीला ती आतलं पाणी बाहेर सोडते,
भरतीला भरतीच तिला लावून घेते.
नुसता बांधच घातला असता
तर शेत आतल्या आत कुजलं असतं.
चाचांना मी म्हटलं, पुढच्या वेळी आधी विचारा,
आयेला काय म्हणायचीस.
म्हणाले, "विचारीन."
विचारणार नाहीत. मला ठाऊक आहे.

फोन वाजला. आकडे आले.
तेवढ्यात अंगठ्याखाली माती हलली,
भुसभुशीत.

फोन ओटीत टाकला, बसले.
आकडे होऊ देत शिळे.
दुसरे येतील.